त्यांनाच सुट्टी नको असेल तर?

पत्र थोडक्यात असं आहे. सिंधुदुर्गातली एक २९ वर्षांची मुलगी, बी.कॉम. झालेली, गेली चार वर्षं एका काजूच्या कारखान्यात सुपरवायझर आहे (गाव, कारखाना काही देत नाही, एक-दोन तपशील मुद्दाम बदललेत). हाताखाली ४५ बायका, कटिंग, सोलणी, ग्रेडिंग सगळं मिळून. पगार किलोवर. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच अशी वेळ, दुपारी एक ते दीड जेवण. या सीझनला मालकांचा मुलगा पुण्याहून परत आला आणि त्याने नवीन पद्धत काढली, की ज्यांना जेवणाची सुट्टी हवी त्यांनी ती घ्या आणि साडेपाचला सुटा, ज्यांना नको त्यांनी पाचला सुटा. गावाकडे जाणारी एसटी पाच दहाला, त्यानंतर थेट साडेसातची वस्तीची गाडी. साहजिकच सगळ्यांनी सुट्टी सोडली. आता डबा जागेवरच, काजूच्या ढिगाशेजारी, दोन-दोन घास. टॉयलेटला जायला दोन टोकनं, तीही सुपरवायझरकडे. मागच्या महिन्यात एक वयस्कर बाई सोलता सोलता चक्कर येऊन पडली. आणि परवा एक नवीन मुलगी टोकन मागायला आली, दोन्ही बाहेर होती, हिने तिला "थोडं थांब" म्हटलं आणि ती मुलगी रडली. ही लिहिते, "मी स्वतः केबिनमध्ये पंख्याखाली बसून जेवते. बायकांना विचारलं तर म्हणतात, आमका नको ती सुट्टी, एसटी चुकली तर घराक जावचा कसा, तू काय बोलू नको गो. बाबांच्या ऑपरेशनला मालकांनीच पैसे दिले होते, त्यांचं मीठ खाल्लंय. ज्यांच्यासाठी बोलायचं त्यांनाच नको असेल तर मी उगाच मध्ये पडू का?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन घेऊन बसले, कारण मला पहिल्यांदा वाचताना जे वाटलं ते तुझ्यासारखंच होतं, की कठीण आहे बाबा, एकीकडे जेवण आणि एकीकडे गाडी, बायका तरी काय करणार. मग मी नुसते तास मांडले. तूही मांड. साडेआठ ते साडेपाच म्हणजे नऊ तास, त्यातला अर्धा तास जेवणाचा काढला की काम साडेआठ तास. बरोबर? आता जेवण सोडून पाचला सुटणाऱ्या बाईचे तास मोज. साडेआठ ते पाच. तेही साडेआठ तासच! म्हणजे तिला कोणी काही सूट दिलेली नाही, कामाचं एक मिनिट कमी झालेलं नाही, फक्त तिचाच जेवणाचा अर्धा तास घेऊन तिलाच संध्याकाळी परत दिला आणि वर तिनेच थँक्यू म्हणायचं.

आता पुढचा हिशोब. साडेआठ गुणिले सहा दिवस, ५१ तास. आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती, नव्या कामगार संहितांमध्येही दिवसाला आठ तास आणि आठवड्याला सहाच दिवस, म्हणजे ४८ च येतात. तुझ्या पत्रात शनिवारी लवकर सोडतात असं काही नाही, त्यामुळे मी सहाही दिवस पूर्ण धरलेत, चुकत असेन तर कळव. पण बरोबर असेल तर तुमच्याकडे दर आठवड्याला तीन तास जास्तीचं काम होतंय आणि जास्तीच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यायचे असतात. किलोवर काम करणाऱ्यांना ओव्हरटाइम नसतो असं तुमच्याकडे सगळे धरून चालले असतील, आपल्याकडे सर्रास तसंच धरतात, पण जुन्या कायद्यात तर तो कसा काढायचा ते सरळ लिहिलेलं होतं, आधीच्या महिन्यात पूर्ण दिवस काम करून रोजची सरासरी जी कमाई पडली असेल तो तिचा दर धरायचा आणि त्याच्या दुप्पट.

आणि आता गंमत बघ. साडेआठ ते पाच, मध्ये एक ते दीड जेवण. किती झाले? आठ. गुणिले सहा? ४८.

म्हणजे जेवणही होतं आणि पाच दहाची गाडीही मिळते. जेवण की एसटी हा प्रश्न मुळात नव्हताच, तो त्या पोराने वेळापत्रकात तयार केला. मुद्दाम केला असेल असं मी म्हणत नाही हं, कदाचित त्याला खरंच वाटलं असेल की आपण बायकांची सोय करतोय. पण तुम्ही सगळ्यांनी, तू धरून, तो प्रश्न तसाच्या तसा उचलला आणि मग त्यात "त्यांनाच नको" असं उत्तर आलं. दोनच दारं दाखवून कुठलं हवं विचारल्यावर माणूस त्यातलं एक दाखवतोच ना. म्हणून तू बायकांना परत विचार, पण प्रश्न बदलून विचार. "सुट्टी हवी का" असं नको. "पाचलाच सुटायचं आणि मध्ये अर्धा तास हात धुऊन खाली सावलीत बसून जेवायचं, चालेल का" असं विचार. मग बघ कोण नको म्हणतं ते.

दोघी-चौघी म्हणतील तरीही. आणि त्यांचं कारण खरं असेल, ते हसण्यावारी नेऊ नको. किलोवर पगार म्हणजे अर्धा तास बसलं की तेवढा गर कमी सोलला जातो, तेवढे पैसे कमी. जिच्या घरी नवरा आजारी किंवा मुलगा बारावीला आहे ती बाई भाकरीचा घास आणि चार पैसे यात पैसेच उचलणार, तिला दोष देऊन काय उपयोग. पण इथेही आकडा बघ. साडेआठ तासांतला अर्धा तास म्हणजे शंभरातले सहासुद्धा भरत नाहीत, तेही दुपारी अडीच-तीननंतर हाताचा वेग सकाळइतकाच राहतो असं धरलं तर. राहतो का? तुझ्या रजिस्टरला माहीत असेल, त्यावर येतेच. आणि मूळ मुद्दा असा की किलोचा रेट इतका कमी असेल की जेवायला बसलं तर दिवसाची मजुरी सुटत नाही, तर दुखणं रेटमध्ये आहे, सुट्टीत नाही. पीसरेटवाल्या कामगाराला, त्या कामाला तासावरचं किंवा दिवसाचं किमान वेतन ठरलेलं असेल तर, त्याच्या खाली देता येत नाही, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होतं आणि आताच्या वेतन संहितेतही आहे. एकदा सगळ्यात सावकाश हाताच्या बाईची महिन्याची मजुरी दिवसांनी भागून बघ. मला भीती वाटते ते उत्तर तुला आवडणार नाही.

सुट्टीबद्दल कायदा काय म्हणतो ते सांगते, पण आधी एक. "बायकांनीच सोडली" हे कायद्यापुढे चालत नाही. कारखाने अधिनियमाचं कलम ५५ असं होतं की कुणाही कामगाराला पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नको, त्याच्या आत किमान अर्धा तास विश्रांती हवी. सरकारच्या किंवा मुख्य इन्स्पेक्टरच्या लेखी परवानगीने त्या पाचाचे सहा होऊ शकायचे, सहाच्या पुढे नाही. ही जबाबदारी मालकाची, वेळापत्रक तसं लावणं त्याचं काम. हेल्मेट कसं, मला नको म्हटलं म्हणून पोलीस सोडतो का. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, कारखाने कायदा त्यातल्या एका संहितेत गेला, दिवसाचे आठ तास तिथे आलेत आणि मधली विश्रांती सरकारने ठरवून द्यायची आहे, त्यामुळे मालकाशी बोलायला जाशील त्या दिवशीचा नियम कामगार कार्यालयातून विचारून घे, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो घेऊन जाऊ नको. पण साडेआठ तास सलग, मध्ये उठणं नाही, हे जुन्यात बसत नव्हतं आणि नव्यातही बसवता येणार नाही. तुमच्याकडे ४५ माणसं आहेत, बॉयलर आहे, त्यामुळे "आमचा लहान उद्योग, आम्हाला लागू नाही" हेही चालायचं नाही, जुन्या व्याख्येत वीज वापरून दहा माणसं असली की कारखाना, नव्यात वीस.

आणि हा अर्धा तास कुणी साहेबांनी दयेने दिलेला नाही गं. १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, त्यात रविवारची सुट्टी मागितली आणि दुसरी मागणी काय तर दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवार मिळाला १८९० च्या जूनमध्ये, आणि दुपारचा अर्धा तास कायद्यात आला १८९१ साली. त्या गिरण्यांत कोण होतं? निम्मं कोकणच तर होतं, तुझ्या-माझ्या घरातून बोटीत बसून गेलेले पणजोबा. मला हे वाचलं की नेहमी वाटतं, त्यांच्यातही कोणीतरी असेलच ना म्हणणारा, की मुकादमाकडे कशाला जायचं, आपल्याला चालतंय की.

आता जेवणाबद्दल थोडं जवळून. तू ग्रेडिंगला असतेस म्हणून कदाचित रोजचं झालं असेल, पण कटिंगच्या बाईचे हात आठव. टरफलातलं ते तेल, काळं, चिकट, कातडी सोलवटणारं. कितीही राख लावा, खोबरेल लावा, बोटांच्या पेरात बसतंच. माझी आत्या सावंतवाडीकडे काजू फोडायला जायची, घरी आल्यावर आधी तेल चोळायची, मग राखेने घासायची, मग साबण, आणि एवढं करून भात कालवायला चमचा मागायची, आम्ही पोरं हसायचो की आत्या मॅडम झाली. ते हात धड धुवायलाच दहा मिनिटं जातात. म्हणून अर्धा तास सुट्टी म्हणजे अर्धा तास जेवण नव्हेच, त्यातली दहा नळावर, पाच रांगेत, आणि पंधरा मिनिटांत भाकरी आणि सुकटाची चटणी. आणि सुट्टीच नाही म्हटल्यावर काय होतं? त्याच हाताने दोन घास. धुण्याची सोय देणं हेही कारखान्याच्या कर्तव्यात येतं, नळ दोनच असतील तर मालकाला आधी नळ वाढवायला सांग, ते स्वस्तात होतं आणि कुणाचा इगो दुखत नाही.

सोलणीवाल्या बायकांचं वेगळं, त्या दिवसभर मांडी घालून नाहीतर पाटावर. त्यांना विश्रांती म्हणजे बसणं नाही, उठणं. चार पावलं चालणं, पाठ सरळ करणं.

आणि ती चक्कर आलेली बाई. तिला शुगर आहे का विचारलंस? गोळ्या चालू असतील आणि दुपारचं जेवण चुकलं तर शुगर खाली येऊन माणूस असाच पडतो, घाम येतो, हात थरथरतात. पीएचसीत नेऊन एकदा तपासून घे, आणि तोपर्यंत तिच्या बाबतीत तरी वेळापत्रक-बिळापत्रक बाजूला ठेवून वेळेवर डबा उघडायला लाव. यासाठी कुणाची परवानगी मागत बसू नको.

मिठाचं बोलू. हे तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य, कारण आपल्याकडे गावात मालक हा नुसता मालक नसतो, तो देवळाच्या उत्सवात पुढे असतो, लग्नाला येतो, अडीनडीला पैसे देतो, आणि तुझ्या बाबांच्या वेळी दिले हे त्यांचं मोठेपण आहेच. ते कमी लेखू नको, मीही लेखत नाही. पण तू त्याची फेड कशात करतेयस ते बघ जरा. ते पैसे तुझ्या घराने घेतले, आणि फेड चाललीय ४५ बायकांच्या जेवणातून? त्यांनी थोडंच तुझ्या बाबांच्या ऑपरेशनचं कर्ज काढलं होतं. तुझं देणं तुझ्या पगारातून, कामातून, जमेल तसं फेड, आणि खरं सांगू, ज्या माणसाचे उपकार आहेत त्याला त्याच्याच कारखान्यात काय चुकतंय ते इन्स्पेक्टर यायच्या आत सांगणं, याला मी तरी निमकहरामी म्हणणार नाही. बाहेरच्या माणसाने सांगितलं तर दंड होतो. घरातल्याने सांगितलं तर वेळ बदलते.

आणि तू केबिनमध्ये पंख्याखाली जेवतेस याचा गिल्ट घेऊन तू उद्यापासून जेवण सोडशील, मला तुझ्यासारख्या मुली माहीत आहेत. तसलं काही करू नको. तुझ्या उपाशी राहण्याने कुणाचा डबा उघडत नाही. फार तर आठवड्यातून दोनदा डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बस, गप्पांत जे कळतं ते केबिनमध्ये कळत नाही.

मालकांशी कसं बोलायचं. मुलाला टाळून, त्याच्या मागे जाऊन बोलू नको, ते त्याला लागेल आणि मग तो हट्टाला पेटेल, दोघं असताना बोल. कायद्याने सुरुवात करू नको, काजूने कर. तुझ्याकडे रजिस्टर आहे. पुढचे दोन आठवडे रोज दोन नोंदी वेगळ्या ठेव, एकच्या आधी सोललेल्यात अख्खा किती आणि तुकडा-पाकळी किती, आणि अडीचनंतरच्यात किती. मी तुला सांगायला नको, डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर, आणि तोच गर नखाखाली दुभंगला की पाकळीत जातो, भाव पडतो. दमलेल्या, उपाशी हाताने तुकडा वाढतो का ते तुझे आकडेच सांगतील. वाढत असेल तर तोच कागद त्या पोराच्या पुढे ठेव, एमबीए-बिमबीए असेल तर त्याला लगेच कळेल. आणि समजा नाही वाढला, तर तो मुद्दा सोडून दे, खोटे आकडे घालू नको, तुझ्याकडे ५१ आणि ४८ आहेतच. तेवढं पुरे आहे. "काका, आत्ता आपले ५१ तास होतात, कोणी विचारलं तर तीन तासांचे दुप्पट द्यावे लागतील, त्यापेक्षा साडेआठ ते पाच करू, मध्ये एक ते दीड सुट्टी, सगळं ४८ मध्ये बसतं, बायकांची गाडीही चुकत नाही." एवढंच बोल आणि गप्प बस. आपण बायका गप्प बसत नाही, लगेच "नाही म्हणजे तुम्हाला जमत असेल तर" सुरू करतो, तिथेच सगळं वाया जातं.

बॉयलर बंद ठेवता येत नाही, ड्रायरपाशी कोणीतरी लागतं, असं ते म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. मग दोन पाळ्यांत जेवा, निम्म्या साडेबाराला, निम्म्या एकला. सगळ्यांनी एकदमच उठलं पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही. फक्त कोणाची पाळी कधी हे कागदावर दाराजवळ लावायला सांग, कामाच्या वेळांची नोटीस लावणं हे तसंही बंधनकारक असतं. तोंडी सुट्टी ऑर्डर आली की पहिली मरते.

त्यांनी नाहीच म्हटलं तर? तर घाई करू नको. पंधरा दिवस जाऊ दे, मग बायकांनी मिळून एक साधा अर्ज द्यावा, मराठीत, पाच-सहा ओळी, पुढाकार दोघी-तिघींचा आणि सह्या जितक्या मिळतील तितक्या, एकटीची सही नको आणि पहिली सही तुझी तर मुळीच नको, तुझी नोकरी आधी जाईल आणि मग तो अर्ज "सुपरवायझरने भडकवलं" म्हणून फाइलला लागेल. त्याची पोच घ्यायची. त्याच्याही पुढे गेलं तर ओरोसला कामगार कार्यालय आहे, कारखान्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. वकिलाच्या फीची भीती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हेही विचारत नाहीत, १५१०० वर फोन करून विचारता येतं. हे सगळं सांगतेय म्हणजे उद्या तिकडे जा असं नाही. पण तो रस्ता आहे हे माहीत असलं की मालकासमोर आवाज थरथरत नाही, एवढ्यासाठी.

याच विषयावर गेल्या काही महिन्यांत आणखीही पत्रं आली होती, त्यांनाही इथेच सांगून टाकते. मालवणातल्या हॉटेलवाल्या मुला, तू आणि चिपळूणच्या साडीच्या दुकानातली ती, तुमचा कायदा वेगळा, २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा. तो आला तेव्हा त्यातही पाच तासांनी अर्धा तास असंच होतं, २०२५ मध्ये सरकारने त्यातले तास आणि माणसांचा आकडा बदलायला घेतला, त्यामुळे तुम्हीही आत्ताचा आकडा विचारून घ्या. अडचण अशी की दहापेक्षा कमी माणसांची दुकानं पहिल्यापासूनच त्याच्या बाहेर ठेवलेली, आणि आपल्या बाजारपेठेतली किती दुकानं दहाच्या वर आहेत? तिथे कायद्याचा पुस्तकी जोर कमी, शेजारच्या चार दुकानांतल्या मुलींनी मिळून एकच वेळ ठरवून मागितली तर जास्त उपयोग होतो. साडीच्या दुकानातली लिहिते की गिऱ्हाईक नसलं तरी स्टुलावर बसायचं नाही, कॅमेऱ्यात बघतात. बाई, केरळात अगदी हेच होतं. कोळिकोडला विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानातल्या मुलींना जमवलं, सुरुवात टॉयलेटच्या मागणीवरून झाली होती, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने दुकानात बसायला जागा देणं कायद्यात घातलं, तमिळनाडूने २०२१ मध्ये. आपल्याकडे कारखान्यांत उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय असावी असं १९४८ पासून लिहिलेलं होतं, कलम ४४, पण साडीचं दुकान पडलं कारखान्याबाहेर. आंबा कॅनिंगवाल्या ज्या ताईंनी लिहिलंय की सीझन दोनच महिन्यांचा म्हणून सुट्टी मागायला लाज वाटते, त्यांना एवढंच, की दोन महिन्यांच्या कामगाराचं पोट काही दोन महिने बंद नसतं.

परत तुझ्याकडे येते. टोकन राहिलं.

माझ्या नोकरीची पहिली बारा वर्षं मी एका ऑफिसच्या काउंटरला होते. बायकांचं टॉयलेट मागच्या अंगणात, त्याला कुलूप, आणि किल्ली शिपायाकडे, एका मोठ्या लाकडाच्या ढलप्याला बांधलेली, हरवू नये म्हणून. तो ढलपा हातात घेऊन सगळ्या ऑफिससमोरून, रांगेतल्या पंचवीस पुरुषांसमोरून चालत जायचं. मी पाणीच प्यायचं सोडून दिलं. सकाळी घरून निघताना एक कप चहा आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही, मे महिन्यात सुद्धा. दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, तिसऱ्यांदा डॉक्टर ओरडले, आणि तोपर्यंत मला वाटायचं की ही माझीच काहीतरी नाजूक तब्येत आहे. त्या शिपायाने मला कधी अडवलं नाही बरं का, चांगला माणूस होता. फक्त किल्ली मागावी लागायची.

तुमच्या बायका दिवसभरात किती पाणी पितात ते बघ एकदा. माठ भरलेलाच राहत असेल.

तास, रजिस्टर, मालकांशी बोलणं याला दोन-तीन आठवडे जातील. टोकनं मात्र तुझ्याच ड्रॉवरमध्ये आहेत. ती पद्धत मालकांनी काढली असेल पण थांब म्हटलंस ते तू, आणि तुझ्या पत्रात तूच ते शेवटी लिहिलंयस, जाता जाता, म्हणून मला कळलं की खरं पत्र तेवढंच होतं. उद्या सकाळी ती दोन्ही टोकनं दाराजवळच्या खिळ्याला अडकव, जिला जायचं तिने उचलावं, परत आणून अडकवावं, तुला विचारायला येऊ नये. ही टोकनंसुद्धा पुढे काढून टाकता येतील, ते मालकांच्या यादीत घाल. आणि त्या नवीन मुलीला बाजूला घेऊन सांग की परवा माझं चुकलं. मोठं भाषण नको. ती बहुतेक "नाय गो ताई, काय नाय" म्हणेल आणि हात पुसत परत कामाला बसेल.